टेकडीवरची पाटी

निगडीच्या टेकडीवर वाटेला फाटा होता. डावी वाट जुनी, सरळ चिंचवडच्या बाजूला उतरणारी. मोठ्या रस्त्याच्या खडीसाठी एका कंत्राटदाराने ती मध्येच फोडली, खडी नेली आणि खाण तशीच उघडी टाकून तो निघून गेला. तेव्हापासून लोक उजवीकडून वळसा घालून जायचे. हिंदुराव सुतारांचा अर्जुन मात्र एका पहाटे कारखान्यात पाळीवर निघाला, धुक्यात लहानपणाच्या सवयीने डावीकडे वळला आणि खाणीत पडून मेला. एकुलता एक मुलगा होता.

दिवस घातल्यावर हिंदुरावांनी हत्यारं उचलली. आपलं गेलं, पण दुसऱ्या कुणाचं पोर त्या भगदाडात जाऊ नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. गावात तेव्हा बाहेरची माणसं येऊ लागली होती. पिंपरीकडे कारखाने उभे राहत होते, आणि परभणी-बीडकडची पोरं निगडीत गोठ्याशेजारच्या खोल्या भाड्याने घेऊन राहत. त्यांना जुनी वाट कोणती आणि खाण कुठे, हे कोण सांगणार?

हिंदुरावांनी फळीवर बाण काढला, शाळेच्या मास्तरांकडून अक्षरं गिरवून घेतली, ‘पुढे खाण आहे, उजवीकडे वळा’, आणि पाटी खांबाला ठोकली. आठवड्यात खिळे गेले, मग फळी गेली. आपल्याकडे उघड्यावरचं लाकूड कुणाच्या बापाचं नसतं, ते ज्याची चूल विझली त्याचं असतं. खाणीच्या तोंडाशी त्यांनी काट्यांचं कुंपण घातलं, तेही चुलीत गेलं.

दुसऱ्या वेळी त्यांनी खिळाच वापरला नाही. अखंड खांबावरच अक्षरं कोरली. तो खांब शिमग्यात पोरांनी उपटला आणि होळीत घातला. शिमग्यात पळवलेलं लाकूड चोरीचं धरत नाहीत, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हाही प्रश्नच होता. पाटलांनी उलट त्यांनाच हसून विचारलं की एवढा चांगला ओंडका शिमग्याच्या तोंडावर बाहेर ठेवलाच कशाला.

मग हिंदुराव हट्टाला पेटले. बाभळीच्या गाभ्याचा खांब निवडला. जमिनीत जाणारं टोक शेकून काळं केलं, त्यावर डांबर फासलं, तळाशी आरपार आडवं दांडकं घातलं आणि खड्डा दगडांनी ठासून भरला. आता बैलजोडी लावली तरी खांब वर येणार नव्हता. अक्षरं बोटाचं पेर बुडेल इतकी खोल कोरली. तरी एक दिवस त्यावर कुऱ्हाडीचे घाव दिसले. कुणीतरी सवडीने तोडायला घेतला होता. त्या दिवशी हिंदुराव घरी येऊन नुसते भिंतीला टेकून बसले.

बायको गोजाबाई म्हणाली, “शेंदूर लावा त्याला. माणसाला भीत न्हाईत, देवाला तरी भितील.”

हिंदुरावांना ते पटलं. खांबाच्या डोक्याला त्यांनी तेलात कालवलेला शेंदूर फासला, अक्षरं तेवढी मोकळी ठेवली. युक्ती लागू पडली. त्यानंतर खांबाला कुणी नखही लावलं नाही. चार महिने हिंदुराव सुखाने झोपले.

पण गावाला उघड्यावर देव सापडला की गाव त्याला उपाशी ठेवत नाही. शनिवारी तेल आलं, अमावस्येला नारळ आला. कुणाची म्हैस सापडली, कुणाच्या सुनेला दिवस गेले. प्रत्येकाने येऊन शेंदराचा हात फिरवला. तो ओघळत बाणावर आला, अक्षरांत भरला. वर्षभरात पाटी बुजली आणि लालभडक देव तेवढा राहिला.

हिंदुरावांनी पटाशीने अक्षरं खरवडली. गावात आग लागावी तसा गोंधळ झाला. सोपानराव पाटलांनी त्यांना चावडीवर बोलावलं, नारळ फोडून माफी मागायला लावली. हिंदुराव हात जोडून सांगत राहिले की ही मी केलेली पाटी आहे. पाटील शांतपणे म्हणाले, “केलीस तू. पन आता ती तुझी न्हाई. पुन्हा हात लावलास तर गाव तुझ्या घरचं पानी पिनार न्हाई.” शेजारी दुसरा खांब रोवून पाहिला, तर लोकांनी त्याला देवाचा भाऊ ठरवून त्यालाही शेंदूर फासला. हसावं की रडावं, हिंदुरावांना कळेना.

पुढच्या पावसाळ्यात परभणीकडचा उद्धव नावाचा पोरगा गावात राहायला आला आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे कामावर निघाला. खोलीतला सोबती चिमाजी थोडा मागे होता. त्याने पुढे सांगितलं ते असं. उद्धव फाट्याशी थांबला, देवाला हात जोडले आणि सरळ डावीकडे चालू लागला. चिमाजी ओरडत धावला, पण तोवर उशीर झाला होता. उद्धव चार यत्ता शिकलेला होता. वाटेत दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची त्याला खोड होती, दुकानाचीसुद्धा.

हे ऐकलं आणि हिंदुरावांचं गावाचं भय संपलं. खांब उपटणं त्यांच्या स्वतःच्याही हातात राहिलं नव्हतं, म्हणून सकाळी करवत घेऊन ते टेकडीवर गेले. तिथे चिमाजीबरोबर एक म्हातारी उभी होती. निरोप मिळून गावाहून आलेली उद्धवची आई, अंबूबाई. हातात तेलाची वाटी होती.

हिंदुरावांनी तिला सगळं सांगितलं. हा देव नाही, पाटी आहे, आणि या शेंदराखाली काय लिहिलं आहे तेही सांगितलं.

“असं नका म्हणू, दादा,” ती म्हणाली. “माझ्या लेकरानं मरायच्या आधी हात कुणाला जोडले मग?”

तिने वाटी त्यांच्यापुढे धरली. खांब उंच होता, तिचा हात पोचत नव्हता. हिंदुरावांनी करवत खाली ठेवली, वाटी घेतली आणि आपल्या हाताने तेल वाहिलं. ते शेंदरावरून ओघळत खाली आलं.

अंबूबाईने पायथ्याशी डोकं टेकवलं. “माझं गेलं ते गेलं,” ती म्हणाली. “आता ह्या वाटेनं जाणाऱ्या लेकरांना तरी सांभाळ.”

हिंदुराव डाव्या वाटेच्या तोंडाशी जाऊन बसले.