नंबर सदुसष्टसाठी टाळ्या

आमचा ऋषी पगार घेऊन अमेरिकन फुटबॉल खेळतो म्हटलं, की इथल्या आमच्या ट्रॉय गावातली मराठी मंडळी विचारतात, "मग गोल किती केले?" एकही नाही. चेंडू फेकणारा एक देखणा पोरगा असतो. त्याच्या अंगावर धावून येणाऱ्यांना पाच आडदांड माणसं छातीनं थोपवतात. त्या पाचांतला एक आमचा. वजन एकशे बेचाळीस किलो. माझं बासष्ट. हॉस्पिटलनं अदलाबदल केली नाही, मी चौकशी केलीय.

सात वर्षं तीन संघांनी त्याला सरावापुरता ठेवला. त्रेपन्न जणांच्या पक्क्या यादीत कुणी घेतला नाही. आता वय एकोणतीस, गुडघ्याची ऑपरेशनं तीन. ऑगस्टातली शेवटची मॅच, मंगळवारी यादी. यंदा नाही तर कधीच नाही.

माझ्या बायकोला, रत्नाला, मारामारी बघवत नाही, म्हणून आम्ही स्टेडियमात कधी गेलोच नव्हतो. या वेळी गेलो. अर्धी मॅच झाली आणि आमच्या संघानं धावत जाऊन गुण मिळवले. तेवढ्यात पंचानं पिवळं फडकं टाकलं आणि माइकवर काहीतरी सांगितलं. शेवटी "नंबर सिक्स्टी-सेव्हन."

"अहो, आपल्या ऋषीला पुकारलं!" रत्ना म्हणाली. "उठा की!"

माइकवरून पुकारलं की टाळ्या वाजवायच्या, एवढंच आम्हाला शाळेच्या बक्षीस समारंभांपासून ठाऊक. उभे राहून वाजवल्या. साठ हजारांत आम्ही दोघंच. बाकीचे ओरडत होते. कॅमेरावाल्यानं आम्हाला मोठ्या पडद्यावर दाखवलं.

शेजारचे आजोबा हळूच म्हणाले, "मॅडम, या अडवणाऱ्या लोकांचा नंबर फक्त चूक झाली की सांगतात. त्यानं समोरच्याला धरून ठेवलं. गुण रद्द झाले."

रत्ना खाली बसली. मॅच संपेपर्यंत ती पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली.

मंगळवारी दुपारी ऋषीची गाडी दारात येऊन थांबली. तो उतरेना. मी गेलो. त्यानं काच खाली केली.

"यादीतून कट केलं, बाबा."

"आमच्या टाळ्यांमुळे?"

"नो यार, बाबा. गुडघा. पाय वेळेवर हलत नाही, म्हणून त्याला धरला." त्यानं गाडीची किल्ली काढली. "स्क्रीनवर दिसलात तुम्ही. बाजूचा खेळाडू म्हणाला, हू आर दोज टू? आय सेड, आय डोन्ट नो."

मी दाराची मूठ धरली.

"तेवढं आईला सांगू नका," तो म्हणाला.

"नाही सांगत. ऊठ आता."

त्याचा गुडघा दुमडलेला होता, सरळ होईना. मी दार उघडून खांदा पुढे केला.

"बाबा, तुम्हाला नाही झेपणार."

"माहितीये," मी म्हणालो, आणि तसाच वाकून उभा राहिलो.