पोटात लोकर भरलेला भोपळा

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे. भाजीचा नव्हे, वाळवलेला, पोकळ आणि टणक सालीचा. माझ्या पोटात बियांऐवजी लोकर आहे, आणि सध्या माझे तीन तुकडे झालेले आहेत. तेव्हा मी जरा चिडून बोललो तर समजून घ्या.

युगांडातल्या इगांगाजवळच्या एका खेड्यात, स्वयंपाकघराच्या छपरावर चढलेल्या वेलावर मी वाढलो. माझी भावंडं कुणी पाणी भरायला लागली, कुणी नाचणीच्या दारूला. मीही जन्मभर पाणीच भरलं असतं. पण त्या घरची मुलगी नांगोबी कंपालाला विद्यापीठात प्राध्यापक होती. ती सुट्टीला आली आणि जाताना तिने मला काखेत मारलं.

"घरात भांडी नाहीत का तुझ्या?" आईने विचारलं.

"आहेत गं. मला याचं केंद्रक करायचंय."

"काय करायचं ते कर, पण आधी धुऊन घे. पाली फिरल्यात त्याच्यावर."

कंपालाला नेऊन नांगोबीबाईंनी माझ्या कुशीला एक खिडकी कापली आणि ओविनो बाजारातून अकरा रंगांची लोकर आणून पोटात भरली. प्रत्येक पेशीच्या आत एक छोटी गोल खोली असते, तिला केंद्रक म्हणतात. त्या खोलीत गुणसूत्रांचे लांबच लांब धागे कोंबलेले असतात. कोंबलेले असले तरी गुंता नसतो, ज्याची त्याची जागा ठरलेली असते. ती जागा कशी ठरते, हे शोधणं बाईंचं काम. आणि ते शाळेतल्या मुलांना, पाहुण्यांना, मंत्र्यांना दाखवणं माझं काम.

बाई ज्याचा अभ्यास करायच्या तो परजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या अंगात राहून जगणारा सूक्ष्म जीव, होता निद्रारोगाचा. त्सेत्से माशी चावली की तो रक्तात शिरतो. शरीर त्याला ओळखून मारायला धावतं, तोवर हा लबाड कोट बदलतो. त्याच्या पेटीत शेकडो कोट, पण अंगात एका वेळी एकच. जो कोट अंगात आहे, तो शिवायची कृती ज्या धाग्यावर असते, तो धागा केंद्रकात नेमका कुठे बसतो? भिंतीला चिकटून, की भिंतीपासून दूर आत? हे कळलं तर कदाचित त्याचं कोट बदलणं थांबवता येईल. त्या एका धाग्यासाठी बाईंनी माझ्या पोटात एक नारिंगी तुकडा ठेवला. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. मुलं खिडकीतून डोकावायची आणि म्हणायची, "आई गं, एवढं सगळं एवढ्याशा पेशीत?" मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मग या शोधासाठी तीन ठिकाणच्या संशोधकांचं सहकार्य सुरू झालं आणि माझे हाल सुरू झाले. कंपालात नांगोबीबाई परजीवी बाटलीत वाढवायच्या. पूर्वेकडच्या तोरोरो गावात ओकेचो नावाचा संशोधक गोठे पालथे घालून गुरांच्या रक्तातला परजीवी गोळा करायचा. आणि स्कॉटलंडची कर्स्टी दोघांचे आकडे जुळवायची. ती फक्त पडद्यावर दिसायची. दर आठवड्याला बोलणं व्हायचं, पण कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता. बाईंना त्यांच्या नमुन्यांत तो धागा आत दिसायचा, म्हणून त्या माझा नारिंगी धागा आत सरकवायच्या. ओकेचो कंपालाला आला की खिडकीतून बोट घालून तो भिंतीला लावायचा. त्याची पाठ वळली की बाई पुन्हा आत. माझ्या खिडकीची कड या ओढाताणीने तुटली, तरी माझ्याकडे बघायला वेळ कुणाला होता? एकालाही दुसऱ्याच्या प्रयोगाच्या खोलीत जाऊन काम बघावंसं वाटलं नाही. फक्त आकडे यायचे आणि आकडे जायचे.

चार वर्षं असं चाललं. ओकेचोचे आकडे कधीच जुळले नाहीत. हळूहळू "जुळत नाहीत" याचं "तो बेफिकीर आहे" झालं. आधी हे दबक्या आवाजात बोललं जायचं, नंतर तो ऐकत असतानाही. एके दिवशी कर्स्टी पडद्यावर म्हणाली, "आपल्याकडे दोन उत्तरं आहेत आणि त्यातलं एक चूक आहे. कुठलं, ते आपल्याला माहीत आहे. तोरोरोचे आकडे गाळू या."

"त्याची खोली बंद होईल मग," बाई म्हणाल्या. "सूक्ष्मदर्शकही परत आणावा लागेल. त्याची डॉक्टरेटही याच कामावर आहे."

"मला वाईट वाटतं, पण आपला शोधनिबंध अडलाय."

बाईंनी कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "बैठक तोरोरोलाच घेऊ. तोंडावर सांगते त्याला."

मी टेबलावर बसून हे सगळं ऐकत होतो. मला ओकेचोबद्दल प्रेम होतं असं नाही, बोटं त्याचीही खरखरीतच होती. पण चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, आणि तीही चोर कोण हे न शोधता, याचा मला संताप आला. मला तोंड असतं तर ओरडलो असतो. तोंडाच्या जागी खिडकी होती आणि तिच्यातून लोकर बाहेर आली होती.

निघताना बाईंनी मला रंगीत कापडात गुंडाळलं आणि गाडीच्या डिकीत ठेवलं. लुगाझी गावाच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवायला लावली. कुणाच्या घरी जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं? माणसाची खोली बंद करायला निघालेल्या बाईंनी त्याच माणसासाठी रस्त्यावर फणस घेतला. चांगला मोठा, घसघशीत.

"कुठे ठेवू, न्याबो?" ड्रायव्हर वाइस्वाने विचारलं. मोठ्या बायकांना तिथे असंच म्हणतात.

"ठेव मागे कुठेतरी."

त्याने तो माझ्यावर ठेवला. पुढे रस्त्यात खड्डे होते. पहिल्या खड्ड्याला मला चीर गेली, दुसऱ्याला मी फुटलो, आणि मग तोरोरो येईपर्यंत तो फणस माझ्यावर निवांत बसून आला. भ्रमाचा भोपळा फुटला असं तुम्ही मराठी माणसं हौसेने म्हणता. फुटताना भोपळ्याला कसं वाटतं, हे मात्र तुमच्यापैकी कुणी विचारत नाही.

ओकेचोच्या खोलीत सगळे जमले. आल्याचा चहा आणि शेंगदाणे आले. समोर लॅपटॉपवर कर्स्टी होती. ओकेचोला कुणकुण लागलेली असावी, कारण तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि चहाला हात लावत नव्हता. बाईंनी कापड सोडलं. माझी साल तुकडे होऊन चपटी पसरली होती आणि मधली लोकर चटईसारखी दाबून बसली होती.

"अरे देवा! वाइस्वा!" बाई ओरडल्या. "काय ठेवलंस याच्यावर?"

"तुम्हीच म्हणालात ना, मागे कुठेतरी."

ओकेचोने वाकून पाहिलं आणि कोरडं हसला. "बघा न्याबो, तुमचा नारिंगी धागा भिंतीला लागलाय. वरूनही आणि खालूनही. निदान भोपळा तरी माझ्या बाजूने आहे."

बाईंना राग आला. त्या म्हणाल्या, "चपटा झालाय तो! चपट्यात सगळंच भिंतीला लागणार. हिरवा बघ, निळा बघ, सगळे..."

आणि त्या तिथेच थांबल्या. त्यांनी माझी दाबलेली लोकर बोटाने चाचपली. मग अगदी हळू विचारलं, "ओकेचो, तू नमुन्याच्या स्लाइड वाळवतोस का?"

"म्हणजे? वाळवतोच की. खिडकीत, वाऱ्यावर."

"का पण? वाळली की पेशी चपटी होते! चपट्या पेशीत आतलं आणि भिंतीजवळचं वेगळं कसं कळणार? आम्ही कधीच वाळवत नाही, ओलीच बघतो!"

"मला कसं कळणार तुम्ही कंपालात काय करता ते?" ओकेचोचा आवाज चढला. "पहिल्या वर्षी मी ओलेच नमुने बसने पाठवत होतो. ते रस्त्यात सडायचे. तेव्हा फोन कुणी केला होता, न्याबो? ‘वाळवून पाठवत जा’ असं कोण म्हणालं होतं?"

बाईंच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना आठवलं होतं. पुढे ओकेचोला स्वतःचा सूक्ष्मदर्शक मिळाला, नमुने बसने पाठवायची गरज संपली, पण वाळवणं तसंच राहिलं. पुन्हा कुणी विचारलंच नाही.

"मग प्रश्न सुटला की!" कर्स्टी पडद्यावर खूश झाली. "त्या स्लाइड गाळू आणि निबंध पाठवून देऊ. ओकेचो, तुला चालेल ना?"

"स्लाइड गाळा," ओकेचो म्हणाला. "त्या चुकीच्याच आहेत, माझी चार वर्षं त्यात गेली. पण या चार वर्षांत तुम्ही मला सगळ्यांसमोर बेफिकीर म्हणालात. ते शब्द कसे गाळणार?"

बाई उठल्या. त्या इगांगाकडच्या, बुसोगा भागातल्या. तिकडे बायका वडीलधाऱ्यांसमोर गुडघे टेकून बोलतात. नांगोबीबाईंनी मात्र मंत्र्यासमोरही कधी गुडघे टेकले नव्हते. त्या दिवशी आपल्याहून लहान माणसासमोर, सिमेंटच्या जमिनीवर त्यांनी टेकले.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "बेफिकीर मी होते. कर्स्टी, हे लिहून घे."

"उठा न्याबो, उठा, हे काय करताय!" ओकेचो घाबरून धावला. त्याने त्यांना उठवलं. पण "असू दे" असं तो म्हणाला नाही, आणि मला ते बरं वाटलं.

निबंध थांबला. ओकेचोची खोली राहिली, सूक्ष्मदर्शकही राहिला. तो आता पुन्हा पहिल्यापासून गोठे फिरतो आहे. वय वाढलं, डॉक्टरेट लांबली, ती चार वर्षं त्याला कुणीही परत देणार नाही. स्कॉटलंडहून प्लास्टिकचं एक नवं गोल केंद्रक आलं, गुळगुळीत आणि न फुटणारं. बैल गेला अन् झोपा केला! माझे तुकडे ओकेचोने ठेवून घेतले, पण अजून शिवले मात्र नाहीत. आमच्याकडे फुटका भोपळा दोऱ्याने शिवतात हो, त्यात कठीण काही नसतं!

मित्रांनो, अशा वेळी ‘मला जपा’ असं म्हणायची रीत आहे. मी म्हणणार नाही, मी फुटून झालेलो आहे. एवढंच सांगतो: एकत्र काम करताना ज्याचं उत्तर तुमच्याशी जुळत नाही, त्याला नावं ठेवण्याआधी त्याच्या खोलीत जा. त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, "तू कसं करतोस ते दाखव ना." यात एक दुपार जाईल, फार तर दोन. ती वाचवायला गेलात, तर दर वेळी फुटायला भोपळा कुठून आणाल?