गाडीत बसलेल्याचा शब्द

नानांनी कार्बोरेटरचा पितळी जेट ओठांत धरला, डोळे मिटले आणि फुंकर मारली. मग तो उजेडाकडे करून त्याच्या केसाएवढ्या भोकातून शेडबाहेरच्या पेरूच्या झाडाकडे पाहिलं.

"साफ आहे," ते म्हणाले. तरीही जेट पुन्हा पेट्रोलच्या थाळीत टाकला.

प्रतिभा जुन्या टायरवर थाळी धरून बसली होती. आठ दिवसांत नानांनी कार्बोरेटर तिसऱ्यांदा उघडला होता. नाशिक रोडच्या छापखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मारुती घेतली, मागची सीट काढून टाकली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवला आणि स्टिअरिंग लेकीच्या हाती दिलं. लेक शाळेत गणित शिकवायची आणि सुट्टीला शर्यतीत उतरायची. दोन हजार चारच्या विभागीय अजिंक्यपदाच्या पाच फेऱ्या होत्या. तीन फेऱ्यांनंतर गुणतक्त्यात तिचं नाव सगळ्यांत वर होतं. धुळ्याच्या चौथ्या फेरीत ती सहावी आली.

का आली, ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी सकाळच्या सरावात तिच्या पुढे ललित नावाच्या स्पर्धकाची गाडी तिसऱ्या वळणावर उलटली. धुरळ्यातून आधी चाकं वर आली, मग गाडीचं पोट दिसलं. ललित खिडकीतून बाहेर आला, कपडे झटकून हसलासुद्धा. पण दुपारच्या शर्यतीत ते वळण आलं की प्रतिभाचा उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून तिला न विचारता वर यायचा. पहिल्या लॅपला आला, दुसऱ्या लॅपला आला, शेवटपर्यंत येत राहिला.

शर्यत संपल्यावर नाना खिडकीशी आले आणि नेहमीसारखं विचारलं, "बोल, काय म्हणते गाडी?" मागे कुणीतरी म्हणत होतं, ताईंना स्कूटीच बरी. दोघंतिघं हसले. प्रतिभाने हेल्मेट काढलं नाही.

"तिसऱ्या वळणाआधी पिकअप तुटतो," ती म्हणाली.

नाना आणि त्यांचे दोस्त भिमाजी यांचा एक दंडक होता. गाडीत बसलेल्याचा शब्द शेवटचा. बाहेर उभ्या असलेल्याने कितीही पावसाळे पाहिलेले असोत, गाडीत बसलेला म्हणाला पिकअप तुटतो, तर तो तुटतो. मग वाद नाही, शोध. भिमाजींचं नाशिकच्या द्वारका चौकाजवळ कार्बोरेटरचं छोटं दुकान होतं आणि मारुतीचा कार्बोरेटर आदल्या संध्याकाळी त्यांनीच साफ करून बसवला होता. परतीच्या वाटेवर टेम्पोत ते एकदाच म्हणाले, की मी डोळ्यात तेल घालून बसवला होता रे. मालेगाव गेलं, चांदवडचा घाट गेला. घाट उतरल्यावर नाना म्हणाले, "गाडीत ती होती. तू नव्हतास. हात गेला तुझा, भीमा."

चाळीस वर्षांच्या दोस्तीत असं वाक्य झालं नव्हतं. द्वारकेला भिमाजी उतरले आणि मागे न बघता चालायला लागले. टेम्पोत मागच्या बाजूला प्रतिभा झोपल्याचं सोंग घेऊन बसली होती.

आता आई चहा घेऊन शेडमध्ये आली. तिने थाळीकडे पाहिलं.

"त्या डब्याला एकदाचं देव्हाऱ्यात बसवा," ती म्हणाली. "रोज दोन फुलं वाहीन मी."

ट्रेमध्ये तीन कप होते. रविवारचा तिसरा कप भिमाजींचा असायचा. आईचा हात सवयीने चालला होता. ट्रे ठेवून ती आत गेली. नानांनी आपला चहा संपवला, थोडं थांबून तिसरा कपही उचलला आणि बशीत ओतून सावकाश प्यायले.

"दोष सापडला ना," ते बशीकडे बघत म्हणाले, "की तोच घेऊन जातो त्याच्याकडे. म्हणतो, बघ, हा फ्लोट चिकटत होता, नाहीतर ही सुई झिजली होती. तुझा हात नव्हता गेला. काहीतरी सापडायला मात्र हवं. मोकळ्या हाताने कसा जाऊ?"

"नाना," प्रतिभा म्हणाली.

"हं?"

थाळीतल्या पेट्रोलवर जांभळी, हिरवी साय फिरत होती.

"पेट्रोल काळं पडलंय. बदलू का?"

"बदल," नाना म्हणाले आणि सुई उजेडाकडे धरली.

सोमवारी सकाळी ते दूध आणायला गेले. कोपऱ्यावरच्या बाकावर जरा टेकले, ते उठलेच नाहीत. पिशव्या मांडीवर तशाच होत्या, असं दूधवाल्याने सांगितलं.

स्मशानात भिमाजी आले होते. फाटकाशी कडुनिंबाखाली उभे होते; माणसं पांगायच्या आधी निघून गेले. घरी आले नाहीत, दहाव्यालाही आले नाहीत. आईने दोनदा विचारलं, की भीमाचं काय बिनसलंय. प्रतिभाने दोन्ही वेळा भांडी आवरायला घेतली. तिने मनाशी धरलं होतं, भिमाजींना राग आहे आणि तो असायलाच हवा.

शाळेतून आली की ती शेडमध्ये जायची. मारुतीत बसायची, दार ओढून घ्यायची. चालू होण्यासारखी गाडी नव्हतीच. कार्बोरेटर नानांनी सोडला तसा थाळीत सुटा पडला होता, वर वर्तमानपत्र. तिला वाटायचं, कुणीतरी खिडकीशी यावं, वाकावं आणि विचारावं. पंचवीस वर्षांत शाळेतून आल्यावर, परीक्षेहून आल्यावर, मुलगा बघून गेल्यावरसुद्धा नानांनी तिला तेवढंच विचारलं होतं, बोल, काय झालं. आणि ती जे सांगेल ते खरं धरलं होतं. कधी खोदून विचारलं नाही. आता कुणी विचारत नव्हतं आणि सांगायचं मात्र एवढंसं, चार शब्दांचं होतं.

शेवटच्या फेरीला नऊ दिवस उरले, तेव्हा आयोजकांचा फोन आला. ती उतरणार आहे का, असं त्यांनी चाचरत विचारलं. ती हो म्हणाली. मग तिने कार्बोरेटरचे सगळे भाग नानांच्या जेवणाच्या डब्यात भरले आणि द्वारकेची बस पकडली.

भिमाजी दुकानाच्या पायरीवर बसून एका स्कूटरची ब्रेकची केबल ओवत होते. पाठीमागे कार्बोरेटरचे भाग मांडायचं फडकं रिकामं होतं. त्यावर ना जेट, ना ब्रश. त्यांच्या नाकावर नवा चष्मा होता. तिला पाहून ते उठले, स्टूल फडक्याने पुसून पुढे केलं आणि शेजारी दोन चहा सांगितले. तिने डबा उघडून समोर ठेवला.

भिमाजींनी आत पाहिलं. हात लावला नाही.

"हे मी सोडलं आता," ते म्हणाले. "केबल, प्लग, असलंच करतो. सिडकोत एक पोरगा हाय, चांगला हाय. त्याच्याकडून बसवून घे."

"नानांनी तुमच्याशिवाय कुणाला हात लावू दिला नाही याला."

"म्हणून तर." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी घरी यायला पाहिजे होतं. तुझ्या आईला तोंड कसं दाखवू, कळंना. रोज ठरवायचो, रोज राहायचं."

ती काही बोलायच्या आत ते पुढे सांगत राहिले. आवाजात तक्रार नव्हती. एखादं यंत्र खोलून एकेक भाग ओळीने मांडावा तसं ते मांडत होते. धुळ्याहून आल्यावर त्यांनी ती संध्याकाळ पुन्हा पुन्हा आठवून पाहिली. जेट कोणता, स्क्रू किती आटे, फ्लोटची उंची किती. कुठेच चूक सापडली नाही. न सापडणाऱ्या चुकीनेच माणूस लय खचतो, असं ते म्हणाले. मग डोळे तपासून घेतले. चष्मा लागला. तेव्हा पटलं.

"तुझ्या नानानं, सावळीरामनं, शोधलं का नाय काही?"

"शोधलं. शेवटपर्यंत शोधत होते."

"सापडलं?"

"नाही."

भिमाजींनी मान हलवली, जणू हिशेब जुळला.

"बघ ना. सावळीराम शोधतोय आणि सापडत नाय, म्हणजे सामानात दोष नाय. तू गाडीत बसलेली, तू खोटं सांगणार नाय. मग राहिलं कोण? मी. त्याचं बरोबर होतं, पोरी. माझ्या एका हातानं तुझं सगळं साल गेलं. त्याला तसंच सांगायचं होतं, माफ कर म्हणून. ते राहिलं. आता तुला सांगतो."

असं म्हणून त्या म्हाताऱ्या माणसाने, तिला कडेवर घेऊन गोदाघाटावर हिंडलेल्या माणसाने, तिच्यापुढे हात जोडायला हातातली केबल खाली ठेवली.

चौकात सिग्नल सुटला आणि गाड्यांचा लोंढा ओरडत निघाला. प्रतिभाने त्यांचे दोन्ही हात जुळायच्या आधीच धरले. ते तेलकट होते आणि जराही थरथरत नव्हते. लोंढा जाईपर्यंत ती थांबली, म्हणजे पुन्हा सांगावं लागू नये.

"काका," ती म्हणाली, "पिकअप तुटला नव्हता. मी घाबरले होते. पाय मी उचलला, प्रत्येक लॅपला. आणि नानांशी खोटं बोलले."