तिसरी बॅटरी

वर्षभरात तिसरी बॅटरी उतरली आणि खराडीच्या आप्पासाहेबांची जुनी गाडी विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यावर भर दुपारी बंद पडली. साल २००१. गावातली त्यांची जमीन आयटी कंपन्यांच्या इमारतींसाठी गेल्यापासून घरात दोन नव्या गाड्या आल्या होत्या. पण अठ्ठ्याऐंशी साली घेतलेली ही गाडी सोडायला ते तयार नव्हते. सोबत मुलगा इंद्रजीत होता. बापलेकांनी गाडी ढकलत जवळच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानापर्यंत आणली.

“मिस्त्री कुठं हाय?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“समोर उभी आहे,” शालू म्हणाली.

शालू आयटीआय शिकलेली. एका कारखान्यात तिने आठ वर्षं अल्टरनेटर, म्हणजे गाडीत वीज तयार करणारी यंत्रं, जोडली होती. तो विभाग बंद झाला तेव्हा बायकांना आधी काढलं. “आता संसार बघा,” असं साहेब म्हणाला. महिन्याभरात तिने हे दुकान टाकलं. गिऱ्हाईक आत डोकावून परत जायचं, तरी तिने पाटीवरचं स्वतःचं नाव काढलं नाही.

“मॅडम, नवीन अल्टरनेटर टाका आणि विषय संपवा,” इंद्रजीत म्हणाला. “नाहीतर सरळ सांगा की होत नाही. मग आप्पांना भंगारवाल्याकडे नेतो. म्हणजे गाडीला.”

“कारण कळल्याशिवाय मी पार्ट बदलत नाही.”

“तीन गॅरेजवाल्यांनी बघितलंय.”

“मग चौथीलाही बघू द्या.”

आप्पासाहेब हसले नाहीत, पण दुकानातल्या स्टुलावर बसले.

शालूने आपली भरलेली बॅटरी लावून गाडी चालू केली. बॅटरीला लावलेल्या तिच्या मीटरवर साडेबारा व्होल्ट दिसत होते. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास जायला हवे. इथे काटा उलट खाली सरकत होता. म्हणजे अल्टरनेटर फिरत होता, पण वीज देत नव्हता. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा तिने अंगठ्याने दाबून पाहिला. घट्ट होता.

“बघा, तोच गेलाय,” इंद्रजीत म्हणाला.

बॅटरीपासून टेस्ट लॅम्पची वायर घेऊन शालूने ती अल्टरनेटरच्या लहान टोकाला क्षणभर टेकवली. काटा उसळून चौदावर गेला आणि तिथेच थांबला.

“अल्टरनेटर ठणठणीत आहे. सुरुवातीला त्याला जरा वीज लागते, ती मिळत नाही. ती डॅशबोर्डच्या लाल दिव्यातून येते.” तिने इंजिन बंद केलं आणि नुसती चावी फिरवली. “आता लाल दिवा लागायला हवा. लागला का?”

“दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक, असंच सगळे म्हणाले,” इंद्रजीत म्हणाला.

शालूने डॅशबोर्डवरची तबकडी खोलली. लाल दिव्याच्या जागी बल्बच नव्हता. तिने रिकामा होल्डर दोघांसमोर धरला.

आप्पासाहेबांनी घसा खाकरला. “तो म्या काढलाय. वर्ष झालं. सारखा लुकलुकायचा, डोळ्यांत खुपायचा.”

“तेव्हा पट्टा सैल असणार. पट्टा कुणीतरी ताणला, पण बल्ब परत बसवला नाही. दिवा तक्रार सांगत होता, तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत.”

इंद्रजीतला वाटलं, आप्पा आता भडकणार. गावात त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे. आप्पासाहेबांनी मात्र स्टूल तिच्याजवळ ओढलं.

“त्या तिघांनी का न्हाई सांगितलं?”

“त्यांनी तुम्हाला विचारलंच नसेल. मालकाला विचारायला धीर लागतो.”

तिने नवा बल्ब बसवला. चावी फिरवल्यावर लाल उजेड पडला, इंजिन चालू होताच विझला. मीटरवर चौदा. शालूने हेडलाइट लावले, वायपर चालू केले. काटा जेमतेम हलला.

“आप्पा, तरी ही विकूनच टाकू,” इंद्रजीत म्हणाला. “लोक हसतात.”

“हसू दे. लोकांना ह्यो दिवा बी कळला न्हाई.” आप्पासाहेब स्टेअरिंगवर बसले. मुद्दाम इंजिन बंद करून त्यांनी पुन्हा चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. इंद्रजीतने पलीकडच्या दाराला हात लावला, तर आतून खटका दाबलेला.

“तू रिक्षानं ये,” आप्पासाहेब म्हणाले. मग शालूकडे वळून, “ताई, खराडीत माझे तीन ट्रॅक्टर हायेत. उद्या धाडतो. आन त्यांच्यावर माझा हात फिरलाय का, ते आधी इचारा.”

“विचारणारच,” शालू म्हणाली आणि पुढच्या गाडीचं बॉनेट उघडायला गेली.