मुलाखतीला बसलेला ड्रम

मी एक जुना निळा ड्रम आहे. ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या एका अरुंद इमारतीत, चौथ्या मजल्यावर, मंजुळाबाईंच्या स्वयंपाकघरात मोरीशेजारी माझा मुक्काम असतो. मित्रांनो, ड्रमला सांगण्यासारखे काय असणार, असे तुमच्या मनात आले असेल. पण मी भारी चौकस आहे. झाकण लावलेले असले तरी माझे कान उघडेच असतात.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेले प्लास्टिक साच्यात फुगवले आणि मी बाहेर पडलो. माझ्या पोटात सर्वांत आधी भरला गेला तो संत्र्याच्या सरबताचा पाक. डोंबिवलीच्या त्या सरबताच्या कारखान्यात मंजुळाबाईंचे यजमान कुंडलिक कामाला आहेत. पाक संपल्यावर मला अडगळीत टाकले होते, तेव्हा त्यांनी मालकांना विचारून मला घरी आणले. पुढे कितीतरी महिने या घरातल्या वरणभातालासुद्धा संत्र्याचा वास येई. मंजुळाबाई नाक मुरडत, तर त्यांची लहानगी अमृता पाणी मागून मागून पिई.

दिव्यात पाण्याचा मान मोठा. ते रोज येईल असे नाही आणि आलेच तर फार वेळ थांबेल असेही नाही. नळ फुसफुसला की जिन्यात कुणीतरी हाळी देते आणि सगळी इमारत हातातले काम टाकून धावत सुटते. मी भरलेला असलो की मंजुळाबाई मला प्रेमाने थाप मारतात. रिकामा असलो की ढुंकून बघत नाहीत. मी ते मनाला लावून घेत नाही.

या वर्षी मात्र मला बढती मिळाली. अमृता पदवीधर झाली होती, अर्जांवर अर्ज करत होती, पण कुठून बोलावणे म्हणून येत नव्हते. अखेर ठाण्याच्या एका कंपनीने तिला व्हिडिओ कॉलवर मुलाखतीला बोलावले. मोठ्या गृहसंकुलांतल्या रहिवाशांच्या तक्रारी ऐकायच्या आणि मार्गी लावायच्या, असे ते काम. मंजुळाबाई बाळकुमच्या तशाच एका संकुलात स्वयंपाकाला जातात. ही नोकरी हुकली तर अमृतानेही त्यांच्याबरोबर पोळ्या लाटायला जायचे, असे घरात ठरले होते. ते ठरले त्या दिवशी मंजुळाबाई उशिरापर्यंत मोरीत भांडी घासत बसल्या होत्या.

मुलाखत म्हणजे काय, याची मला फार उत्सुकता होती. टेंभी नाक्याला राहणाऱ्या अक्षदा नावाच्या मैत्रिणीने अमृताला आपला लॅपटॉप दिला. बाहेरच्या खोलीत अंधार आणि नेटवर्कची बोंब. उजेड आणि नेटवर्क दोन्ही मिळते ते माझ्या खिडकीपाशी. झाले! माझ्या झाकणावर पाट आला, पाटावर लॅपटॉप आला आणि मी टेबल झालो.

मग सराव सुरू झाला. अक्षदाने बजावले होते, समोरच्या माणसाकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघायचे. तो बारीकसा ठिपका अमृताला सापडेना, म्हणून तिने आईची एक लाल टिकली त्याच्या शेजारी चिकटवली. प्रश्न विचारायला समोर मंजुळाबाई. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, की इतक्या लांब रोज येशील-जाशील, मग जेवशील कधी? अमृता हसून लोटपोट झाली. पण दोन कामे एकदम आली तर आधी कोणते करशील, या प्रश्नाचे उत्तर तिने इंग्रजीत घोकून घोकून पाठ केले होते.

तुम्हाला एक गंमत सांगतो. पडद्याला फक्त वरची अमृता दिसते. अंगात पांढरा शर्ट, डोळ्यांत धीर. खालची अमृता मला दिसते. घरातला चुरगळलेला पायजमा आणि सारखा हलणारा गुडघा.

मुलाखतीची वेळ तिने मुद्दाम उशिराची मागून घेतली होती. त्या आठवड्यात पाणी सकाळी लवकर येत होते, म्हणजे भरून-बिरून निवांत बसता येईल, असा हिशोब. पण पाणी कधी कुणाच्या हिशोबाने आले आहे का? आदल्या दिवशी ते आले नाही आणि त्या सकाळीही आले नाही. मी तळापर्यंत कोरडा पडलो. हलका झाल्यामुळे अमृताचा गुडघा लागला की डुगडुगू लागलो. मला स्वतःचीच लाज वाटत होती.

कॉल सुरू झाला. पलीकडे एक मॅडम होत्या. आवाज कडक, पण बोलणे नीट. नाव, शिक्षण वगैरे झाले आणि इतक्यात मोरीतला नळ फुसफुसला. जिन्यात हाळी उठली, दारावर थापा पडल्या. शेजारच्या सखुबाई बाहेरून सांगत होत्या, की आज धार बारीक आहे, लवकर लावून घ्या.

मित्रांनो, मी एकाच वेळी टेबल आणि ड्रम कसा होणार? मंजुळाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी हातानेच खूण केली, जाऊ दे पाणी, तू बोल. त्या खरोखर पाणी सोडून द्यायला निघाल्या होत्या. या घरात मी असे कधी पाहिले नव्हते.

नेमके तेव्हाच मॅडमनी विचारले, की दोन कामे एकदम आली तर काय कराल? अमृताने तोंड उघडले. पाठ केलेले इंग्रजी आलेच नाही.

“मॅडम, आत्ता तसंच झालंय,” ती म्हणाली. “दोन दिवसांनी पाणी आलंय आणि लॅपटॉप ड्रमवर आहे. ड्रम लावला नाही तर उद्या घरात पाणी नाही. मला एक मिनिट द्या, बोलणं मी थांबवणार नाही.”

मग मॅडम म्हणाल्या, “लावा.”

मंजुळाबाईंनी पुढे होऊन पाटासकट लॅपटॉप उचलला आणि छातीशी धरला. अमृताने झाकण काढून माझ्यात पाइप सोडला आणि ओल्या हातांनी ती पुन्हा खुर्चीवर बसली. पडद्याच्या वर आता आईचा चेहरा होता. टिकली विसरून ती त्या चेहऱ्याकडे बघत बोलू लागली. रहिवासी चिडून फोन करतो तेव्हा आधी त्याच्या घरात नक्की काय अडले आहे ते विचारीन, असे ती म्हणाली. तिचे बोलणे ऐकत मी हळूहळू भरत होतो.

“चित्र हलतंय,” मॅडम म्हणाल्या.

“आईने धरलाय, मॅडम.”

मुलाखत संपेपर्यंत मंजुळाबाईंनी लॅपटॉप खाली ठेवला नाही.

आठवडाभराने मॅडमचा फोन आला. नोकरी मिळाली होती. मॅडमनी आईला फोन द्यायला सांगितले आणि त्यांचे हात फार दुखले असतील, असे म्हणाल्या.

“लॅपटॉप काय जड नव्हता हो,” मंजुळाबाई म्हणाल्या. “पोरगी एवढं चांगलं बोलू लागली, म्हणून हात थरथरला माझा.”

फोन ठेवून त्या माझ्यापाशी आल्या, पदराने तोंड पुसले आणि तांब्या बुडवून पोटभर पाणी प्यायल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या ड्रमना महिन्याकाठी आतून घासा आणि झाकण लावायला विसरू नका, एवढे तर मी सांगेनच. पण पडद्यावर कुणी बोलताना दिसले आणि चित्र जरा हलले, तर लगेच नाके मुरडू नका. ते कुणी धरले आहे, एवढे तरी विचारा.