रडायला जागा

तिला सगळे 'तिरकी' म्हणत. हे नाव पडलं ते तिच्या पहिल्या नोकरीत, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात. एका बँकेच्या नकाशात तिने काउंटर सरळ न काढता कोनात काढला, तेव्हा ऑफिसचे साहेब म्हणाले, "ही मुलगीच तिरकी, हिच्या हातून सरळ रेघ कशी निघणार?" सगळे खो खो हसले. तीही हसली. साहेबांनी काउंटर खोडला, तिने तो पुन्हा तसाच काढला. ही खोडाखोड बरेच दिवस चालली. शेवटी तिने राजीनामा टेबलावर ठेवला आणि नकाशांची नळी काखोटीला मारून निघून गेली.

पुढे तिने काय काय केलं! चष्म्याच्या एका दुकानात कापडाच्या भिंती केल्या. एका नर्तकीच्या घरात जिना आणि कपाट एकच करून टाकलं. कलादालनात कागदाची एक खोली उभी केली. आत शिरलं की माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येई. आर्किटेक्ट मंडळी नाक मुरडून म्हणत, "ती काय, पडदे लावते." चित्रकार म्हणत, "ती फूटपट्टी घेऊन फिरते, ती कसली कलावंत?" कुणी तोंडावर विचारलं की नक्की तुम्ही कोण, तर ती म्हणे, "काम बघा आणि तुम्हीच ठरवा. मला वेळ नाही."

घरातही कौतुकाच्या नावाने आनंदच होता. बाबांनी उभा जन्म पाण्याच्या टाक्या बांधल्या होत्या. ते म्हणायचे, "अगं, माझी टाकी गळली तर सगळं गाव बोंबलतं. तुझी खोली गळली तर तू तिला कलाकृती म्हणशील."

अशा या तिरकीला एका इस्पितळाचं काम मिळालं. तिथल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी कागदाची खोली पाहिली होती. त्यांनी बाह्यरुग्ण विभागाचं प्रतीक्षागृह तिच्या हवाली केलं. "हवं ते कर," म्हणाल्या, "फक्त लोकांना बरं वाटलं पाहिजे."

तिने आधी काहीच केलं नाही. नुसती तिथे जाऊन बसली. लोखंडी खुर्च्यांच्या रांगा, सगळी तोंडं काउंटरकडे, परीक्षेला बसल्यासारखी. ज्याला आत वाईट बातमी कळे, तो बाहेर येऊन जिन्याखाली जाई आणि आग विझवायच्या नळकांड्याशेजारी भिंतीकडे तोंड करून रडे. एकदा एक पोक्त गृहस्थ असेच रडत होते. झाडूवाली आली, तर ते डोळे पुसत बाजूला झाले आणि म्हणाले, "माफ करा हं, तुमच्या वाटेत आलो."

त्या दिवशी ती घरी आली ती तणतणतच. "बाबा, माणसाला रडताना माफी मागावी लागते! ती इमारतच चुकलीय."

मग तिने खुर्च्या उखडल्या. उंच-बुटकी लाकडी बाकं केली, कुणाला टेकता येईल अशी, कुणाला आडवं होता येईल अशी. प्लायच्या पातळ पट्ट्या वाकवून त्यांवर कापड ताणलं आणि त्याचं छत केलं. ते एका कोपऱ्यात लाटेसारखं खाली उतरे. त्या लाटेच्या पोटात एक कोनाडा होता, मंद उजेडाचा, सगळ्यांकडे पाठ करून बसायचा. पाटी नव्हती. पण कुणाला सांगावं लागलं नाही; लोक आपसूक तिथे जाऊन मोकळे होऊ लागले.

एवढ्यात डॉक्टरबाई निवृत्त झाल्या आणि नवे अधीक्षक आले. त्यांनी सगळं फिरून पाहिलं आणि तिला बोलावून घेतलं.

"मॅडम, हा कोनाडा कशासाठी?"

"रडायला."

"इस्पितळात रडायला जागा? लोक काय म्हणतील? इथे माणसं बरी होतात."

"सगळी नाही होत, साहेब."

अधीक्षकांचा चेहरा उतरला, मग कडक झाला. आठवड्याभरात पत्र आलं की छत धोकादायक आहे, सबब पूर्वीसारखं करून द्यावं.

बाबांनी ते पत्र वाचलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. "धोकादायक? कुणी तपासलं? कोणता भार घातला?" दुसऱ्या दिवशी म्हातारा वाळूची पोती घेऊन इस्पितळात हजर! छताच्या प्रत्येक पट्टीला पोतं टांगून त्यांनी सगळ्यांसमोर वाक मोजला. छताने हूं की चूं केलं नाही.

"तुम्ही वडील आहात, तुम्ही बाजू घेणारच," अधीक्षक म्हणाले.

"बाजू? मला हे ध्यान अजिबात आवडलेलं नाही," बाबा कडाडले. "पण पडेल म्हणता, तर ते खोटं आहे. आवडत नाही म्हणून पाडतो, असं सरळ लिहा!"

अधीक्षकांनी तसं लिहिलं नाही. 'शिस्तीस बाधा' असं लिहिलं आणि पाडायचा दिवस ठरवला. "मी हात लावणार नाही," तिरकीने कळवलं. "तुम्ही काढा. मी समोर उभी राहणार."

आणि ती राहिली. सुतारांनी कुऱ्हाड उचलली तेव्हा ती आडवी आली. "स्क्रूवर बसवलंय, स्क्रू काढा. एक पट्टी मोडली तर गाठ माझ्याशी आहे." दिवसभर उभं राहून तिने सगळा सांगाडा टेम्पोत चढवून घेतला. कोनाड्याचं बाक निघालं तेव्हा मात्र ती रडली. तिने तोंड लपवलं नाही.

ही बातमी पसरली तशी कलादालनवाले धावत आले. छत पांढऱ्या भिंतीवर टांगू म्हणाले, पुढे दोरी बांधू. "त्याखाली बसता येईल?" तिने विचारलं. "छे छे, हात लागला तर?" तिने दार लावून घेतलं.

इस्पितळाच्या फाटकासमोर टायरचं एक बंद पडलेलं दुकान होतं. तिने ते भाड्याने घेतलं आणि छत, बाकं, कोनाडा, सगळं तिथे पुन्हा उभारलं. शटर उघडलं त्या सकाळपासून रुग्णांचे नातेवाईक रस्ता ओलांडून यायला लागले.

अधीक्षक तणतणत आले. "माझे पेशंट इथे येऊन बसतात! आत नाव पुकारलं की हजर नसतात!"

"मग नाव इथे ऐकू येईल अशी सोय करा."

"हे बंद करा, मॅडम."

"रस्त्याच्या अलीकडचं तुम्ही मला सांगायचं नाही, साहेब."

महिनाभर त्यांनी दम काढला. मग एक दिवस इस्पितळाची माणसं शिडी घेऊन आली, रस्त्यावरून तार ओढली आणि दुकानाच्या कपाळावर कर्णा बसवला. बाबांनी खाली उभं राहून त्यांना हैराण केलं, कारण कर्ण्याचा ब्रॅकेट त्यांना कमकुवत वाटत होता.

तिरकी तेव्हा तिथे नव्हती. हल्ली ती सकाळी कोर्टात जाते आणि व्हरांड्यात बसून राहते. तारखेला आलेली माणसं कुठे टेकतात, नवरा-बायको एकमेकांपासून किती लांब उभे राहतात, पोरं कुठे खेळतात, ते ती कागदावर काढत असते. शिपायाने परवा हटकलं, "बाई, तुम्हाला कुणी बोलावलंय?"

"अजून नाही," ती म्हणाली, आणि पेन्सिलीला टोक करायला लागली.