वाकायचं कुणी

"पहिला नियम," तायक्वांदो शाळेचे बेक मास्तर म्हणाले, "नवख्यानं वरच्या पट्ट्यापुढे कमरेत वाकायचं."

माझी हेवॉन वाकली नाही. समोर लाल-काळा पट्टा बांधून ग्युमिन उभा होता. याच पोरानं गेल्या आठवड्यात तिचं डोकं वर्गाच्या दारावर आपटलं होतं. म्हणून तर तिला स्वतःला वाचवायला शिकवावं, म्हणून मी तिला घेऊन देगू शहरातल्या अशा शाळा धुंडाळत होते. सकाळी पाहिलेली एका बाईंची ज्युदोची शाळा मी नाकारली, कारण तिथे मुलांना ने-आण करायला गाडी नाही. इथे गाडी होती. मला मेलीला गाडीच दिसली.

"मास्तर, यानंच माझ्या मुलीला मारलंय."

"हेवॉनच्या आई, बाहेरची भांडणं बाहेर. इथे शिस्त चालते."

"मग आधी त्याला माफी मागायला लावा. ती नाही का शिस्त?"

"हळू बोला. स्पर्धेतला मुलगा आहे तो."

म्हणजे लाथ चांगली मारतो म्हणून सगळं माफ! वर मास्तरांनी हेवॉनच्या मानेवर हात ठेवला आणि ते तिला वाकवायला लागले.

"हात काढा!" मी ओरडले. भिंतीकडेला बसलेल्या आया टकामका बघत राहिल्या. "मान दाबायला ग्युमिन फुकट मिळतो. त्यासाठी तुम्हाला फी कशाला देऊ?"

दाराशी हेवॉननं विचारलं, "आई, आता कुठे?"

"ज्युदोवाल्या बाईंकडे. जोडे घाल."

"पण गाडी?"

"चालत जाऊ. आणि तिथेही कुणी मान दाबली, तर सरळ चाव."